शाळेत न शिकवलेलं, पण रोज लागणारं : तुमचे अनुभव सांगा

उजवी खिडकी (वय १६, कराडजवळचं गाव)

दहावीचे पेपर मार्चमध्ये संपले. निकालाला अजून वेळ आहे आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारतो, "मग, सायन्स की कॉमर्स?" पाठोपाठ सल्ला येतोच. सल्ले वाईट नसतात, मी नीट ऐकून घेते. पण सल्ल्यांची ही एसटी गेली सोळा वर्षं एकाच दिशेनं धावतेय. तिची परतीची फेरीही व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आमच्या वयाच्या मुलांनाही रोजच्या जगण्यातलं बरंच काही कळलेलं असतं, फक्त आम्हाला कुणी विचारत नाही.

म्हणून हा धागा. अट एकच, जे सांगाल ते स्वतःवर बेतलेलं असावं. ऐकीव नको, स्टेटसवर वाचलेलं तर नकोच. वयाची अट नाही. मोठ्यांनी आपल्या सोळाव्या वर्षाचं सांगितलं तर मला फार आवडेल.

सुरुवात मीच करते, चहापासून. आई शेतावर होती आणि आत्या तिच्या सासरच्या मंडळींना घेऊन आली. मी दूध-पाणी एकत्र ठेवलं, त्यात आलं किसून टाकलं आणि गॅस लावला. उकळी यायच्या आत सगळं फाटलं. घरात दूध तेवढंच होतं. आजी आतून म्हणाली, "अगं, आलं आधी पाण्यात चांगलं उकळू द्यावं, मग दूध." पुढे विज्ञानाच्या मॅडमना विचारलं तेव्हा कारण कळलं. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं आणि उकळलं की त्याचा जोर जातो. कच्च्या पपईतही असंच विकर असतं, म्हणून मटण शिजवताना ती घालतात. आजीला विकर माहीत नव्हतं, पण क्रम बरोबर माहीत होता.

दुसरी गोष्ट एसटीची. आमची साडेपाचची गाडी उत्तरेकडे जाते. संध्याकाळचं ऊन पश्चिमेचं, म्हणजे डावीकडच्या सगळ्या खिडक्या तापलेल्या. नवीन मुली धावत जाऊन डावीकडची खिडकी पकडतात आणि गाव येईपर्यंत दप्तर तोंडासमोर धरून बसतात. गाडी कुठल्या दिशेला जाते आणि सूर्य कुठे आहे, एवढं बघा आणि मगच रुमाल टाका.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. नववीत त्रिकोणमिती सुरू झाली तेव्हा मला वाटलं की 'साइन थीटा' म्हणजे साइन गुणिले थीटा. त्यामुळे साइन थीटा भागिले कॉस थीटा आलं की मी वरचा थीटा आणि खालचा थीटा खोडून टाकायचे आणि साइन भागिले कॉस असं उत्तर लिहायचे. सरांचं उत्तर टॅन थीटा यायचं. तीन आठवडे मी गप्प होते, कारण बाकी सगळ्यांना कळतंय असं दिसत होतं. शेवटी बाकावरच्या मैत्रिणीला हळूच विचारलं, तर तीही थीटा खोडत होती! मग दोघींनी मिळून हात वर केला. सर म्हणाले, "साइन ही काही संख्या नाही. कोनाचं साइन, असं वाचा. एकटं साइन म्हणजे 'चा भाऊ' म्हणण्यासारखं आहे. कुणाचा भाऊ ते सांगायला नको का?" वर्ग हसला आणि मागच्या तीन बाकांवर खोडरबर फिरायला लागले. विचारायला तीन आठवडे लागले आणि उत्तराला अर्धं मिनिट.

आता तुम्ही सांगा.

बारा डबा (वय १७, डोंबिवली)

मी अकरावीपासून लोकलनं जातो. पहिल्या आठवड्यात मला घाटकोपरला उतरायचं होतं आणि मी दादरला उतरलो. चुकून नाही, मला दारापर्यंत पोचताच आलं नाही. आमच्या डब्यातल्या एका काकांनी मला शिकवलं की आपलं स्टेशन यायच्या आधीच्या स्टेशनलाच उठायचं आणि पुढच्याच्या खांद्याला हात लावून विचारायचं, "घाटकोपर का?" तो 'हो' म्हणाला तर त्याच्या मागे उभं राहायचं. 'नाही' म्हणाला तर तो स्वतःच अंग चोरून जागा देतो. फलाट कुठल्या बाजूला येणार हेही त्यालाच विचारून घ्यायचं. दप्तर पाठीवर नको, पोटावर. आणि गाडी सुटलेली असेल तर सोडून द्या. चालत्या गाडीच्या दांड्याला लटकताना माझ्या वर्गातल्या एकाचा हात सुटला होता. वाचला, पण अर्धं वर्ष त्याला दोन्ही हातांनी काही लिहिता येत नव्हतं. पुढची गाडी येतेच.

दळण (पुणे, चौदा वर्षांच्या मुलाची आई)

मी अनुभव सांगायला नाही, विचारायला आले आहे. चालेल ना? माझा मुलगा आठवीपर्यंत शाळेतून आला की बूट काढता काढता सगळं सांगायचा. आता "काय झालं आज शाळेत?" विचारलं की "काही नाही." "डबा आवडला?" "हं." खोलीचं दार लावतो. मी रागावत नाही, पण मला त्याची आठवण येते. तो घरातच असतो आणि मला त्याची आठवण येते.

उजवी खिडकी

काकू, तुमचं शेवटचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण माझ्या केसांना तेल लावायला बसली.

मला जे वाटतं ते सांगते. "आज काय झालं" हा प्रश्न परीक्षेतल्या 'सविस्तर उत्तरे लिहा'सारखा वाटतो. दिवसभरात इतकं झालेलं असतं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, म्हणून 'काही नाही'. शिवाय समोर बसून, डोळ्यांत बघून विचारलं की आमची वाचा बसते. मी सगळ्यात जास्त बोलते ती बाबांच्या गाडीवर मागे बसल्यावर. तोंड दिसत नाही, वारा असतो, मध्येच थांबलं तरी चालतं. आईशी बोलते ती शेंगा फोडताना. हात कामात असले की बोलणं सोपं जातं. तुम्ही त्याला काहीच विचारू नका. कुठेतरी बरोबर घेऊन जा आणि तुमचंच काहीतरी सांगा, ऑफिसातलं, अगदी फालतू असलं तरी चालेल.

काळी एक (वय १५, सांगली)

मी सहा वर्षांचा असल्यापासून गाणं शिकतोय. पेटीवरच्या काळी चार या उंच पट्टीत गायचो, वरचा षड्ज सहज लागायचा, बक्षिसं मिळायची. गेल्या वर्षी स्पर्धेत अंतऱ्याला आवाज मधोमध फाटला. मी तरीही ओढत राहिलो, जोर लावला, आणखी फाटला. घरी येऊन मी बाबांना सांगितलं की माझा क्लास बंद करा.

गुरुजींनी घरी बोलावलं. म्हणाले की या वयात मुलांचा कंठ वाढतो, आतल्या तंतूंची लांबी आणि जाडी वाढते, वाद्य बदललं तर तारा पुन्हा जुळवायला नकोत का? त्यांनी चार-पाच महिने मला वर जाऊच दिलं नाही. पहाटे फक्त खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, तेही हलक्या आवाजात. स्पर्धा बंद. मला वाटायचं की सगळे पुढे गेले. आता मी काळी एक या खालच्या पट्टीत गातो आणि मंद्र (खालच्या) सप्तकात असे सूर लागतात जे मला आधी माहीतच नव्हते. ज्यांचा आवाज फुटतोय त्यांना एवढंच सांगेन की ओरडून जुना आवाज परत आणायचा प्रयत्न करू नका. जुनी गाणी खालच्या पट्टीत नव्यानं बसवा, ती वेगळीच लागतात.

संत्रं (वय १४, नागपूर)

मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आई रात्रपाळीला होती. ती नर्स आहे, कामावर असताना फोन घेऊ शकत नाही. घरी मी आणि बाबा. मी अर्धा तास न्हाणीघरात बसून होते. मग दाराआडून सांगितलं. बाबा म्हणाले, "थांब, आलोच," आणि चप्पल न घालता गेले. परत आले तेव्हा तीन वेगवेगळी पाकिटं होती, कारण कुठलं लागतं ते त्यांना माहीत नव्हतं. दुकानदार काळ्या पिशवीत घालत होता, बाबांनी नको म्हटलं, हातातच आणली. वरून गरम पाण्याची पिशवी आणि एक जिलबी.

मुलींनो, बाबांना सांगा. कदाचित त्यांना काही माहीत नसेल, पण ते जाऊन आणतील. आणि दप्तरात नेहमी दोन पॅड ठेवा, एक आपल्यासाठी, एक दुसरीसाठी. माझं दुसरं आतापर्यंत चार जणींना गेलंय.

उजवी खिडकी

संत्रं, जिलबी वाचून मी रडले गं.

खोली क्रमांक सात (वय १७, मूळ गाव परभणी जिल्ह्यात, सध्या लातूर)

नीटच्या तयारीसाठी आलोय. रात्री दोनपर्यंत वाचायचं आणि सहाला उठायचं, असं पहिले तीन महिने केलं. वाचलेलं काही राहीना. चाचणीत पेशीच्या अंगकांची नावं समोर दिसत होती, पण ओळख पटत नव्हती. जीवशास्त्राच्याच सरांनी सांगितलं की आपल्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि दिवसा वाचलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो. त्यांनी आणखी एक सांगितलं. या वयात शरीराचं घड्याळच थोडं पुढे सरकतं, म्हणून रात्री लवकर झोप येत नाही, तो काही आळस नाही. आता अकराला फोन खालच्या काकूंकडे ठेवून देतो. गुण लगेच वाढले असं नाही, पण वाचलेलं ओळखीचं वाटायला लागलं.

दुसरं जरा अवघड आहे. आई रोज विचारायची, "जेवलास का?" मी रोज "जेवलो" म्हणायचो. मेसचं पिठलं दिसलं की आईच्या पिठल्याची आठवण यायची आणि घास जायचा नाही, म्हणून बऱ्याचदा बिस्किटं. दिवाळीला घरी गेलो तर शर्ट लोंबत होता. आई ओरडली नाही, तेच जास्त लागलं. आता खरं सांगतो. "आज नाही जेवलो" म्हटलं की ती फोनवरच सांगते की कांदा बारीक चिर, दाण्याचं कूट आहे का, दही मिळेल का, आणि दहा मिनिटांत पोह्यांचं काहीतरी होतं. बाहेरगावी शिकणाऱ्यांनो, जेवणाबद्दल घरी खोटं बोलू नका. लांबून त्यांना तेवढंच करता येतं, तेही आपण काढून घेतो.

चष्म्याचं घर (वय १६, नाशिक)

थोडक्यात. घरातल्या आजी-आजोबांना हे आजच सांगा : आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे पाठवताना किंवा शिल्लक बघताना. माझ्या आजोबांना फोन आला होता की तुमचा परतावा मंजूर झालाय, पिन टाका. मी शेजारी मटार सोलत होते म्हणून वाचलो. आता त्यांच्या फोनच्या मागे चिठ्ठी चिकटवली आहे : 'घ्यायला पिन नाही. गडबड झाली तर लगेच १९३०.' तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

मावसभाऊ (वय १५, न्यू जर्सी)

मी हे आईच्या मदतीने लिहितो आहे. मागच्या उन्हाळ्यात मी कोल्हापूरला गेलो. घरी आम्ही आई, बाबा, काका सगळ्यांना 'तू' म्हणतो. मी आजोबांच्या मित्रांना म्हणालो, "तू बस ना." सगळे शांत. मग ते हसले आणि बसले, पण मला कळलं की काहीतरी चुकलं. माझ्या मावसबहिणीने युक्ती सांगितली : खात्री नसेल तर 'तुम्ही' म्हण, समोरचा स्वतःच म्हणेल, 'अरे, तू म्हण.' मी तिला विचारलं, मग मी काकाला 'तू' का म्हणतो? ती म्हणाली, कारण तो तुझा आहे. हे मला शिकवणीच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

हाफ पायडल (वय ७२, वाई)

मुली, तू मोठ्यांनाही बोलावलंस म्हणून लिहितो. आमच्या वेळी मॅट्रिक अकरावीला होती. दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा १९७५ सालची, तोवर मी नोकरीला लागलो होतो. सोळाव्या वर्षी मला सायकल येत नव्हती आणि ते मी कुणाला कळू दिलं नव्हतं. मित्र तासाच्या भाड्यानं सायकली काढायचे आणि मी म्हणायचो, "मला चालायलाच आवडतं." लोकांना ते खरं वाटायचं. माझ्या दहा वर्षांच्या बहिणीला मात्र कळलं होतं. ती मधल्या दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारायची. एका दुपारी घाटावर कुणी नसताना तिनं मला शिकवलं. कॅरिअर धरून ती धावत होती, परकरात पाय अडकून पडली, गुडघा फुटला. घरी तिनं सांगितलं की जिन्यावरून पडले.

सल्ला असा की आपल्याहून लहान माणसाकडून शिकायला लाजू नये. हा मजकूरसुद्धा मी बोलून लिहितो आहे. फोनवर बोललं की अक्षरं उमटतात, हे मला नातीनं मागच्या आठवड्यात शिकवलं. ती अकरा वर्षांची आहे. पूर्णविराम कसा द्यायचा ते अजून यायचं आहे, ते तिनंच घातले.

उजवी खिडकी

आजोबा, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा. त्यांच्या गुडघ्यावर खूण आहे का अजून?

हाफ पायडल

आहे. मागच्या राखीपौर्णिमेला पाहिली.

दळण

सांगायला आले आहे. काल गहू दळायला द्यायचे होते. एरवी मी एकटी जाते. म्हटलं, डबा जड आहे, चल. स्कूटरवर मागे बसला, मांडीवर डबा. मी काही विचारलं नाही. आमच्या ऑफिसात लिफ्ट बंद पडली आणि सहा जणी आत अडकल्या, ते सांगत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "आई, आमच्या वर्गात एक मुलगा माझ्याशी बोलायचा बंद झालाय."

गिरणीत रांग होती. पाऊण तास उभे होतो. पिठाच्या धुरळ्यात, पट्ट्याच्या आवाजात, तो मोठ्यानं बोलत होता आणि मी नुसती 'हं' म्हणत होते. येताना रसवंतीपाशी थांबलो.

पाच किलो पीठ आलं आहे. तीन आठवडे पुरेल.

उजवी खिडकी

काकू, तीन आठवडे कशाला थांबता? उद्या ज्वारी द्या दळायला.