मदत हवी आहे: ऑक्टाव्हिया आरएसचं इंटेक पायपिंग, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह नक्की कुठे बसवू?

नमस्कार मंडळी,

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००६ची. १.८ लिटर, २० व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल, १५० पीएस. टर्बो कंपनीचाच के०३ (छोट्या मापाचा), ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, हात लावलेला नाही. गाडी पुण्यात असते, महिन्यातून एकदा साताऱ्याला जाते. एप्रिलपासून त्रास असा, की खंबाटकी चढताना पहिल्यांदा दाबली की मस्त ओढते, तिसऱ्यांदा दाबली की तीच गाडी मरगळते. घाट संपल्यावर पाच मिनिटं आरामात चालवली की परत ताजी. फेंडरमधला छोटा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा) तापतोय हे उघड आहे. म्हणून बम्परमागे ५५० × १४० × ६५ मिमीचा कूलर बसवायचं ठरवलंय. कूलर आणून ठेवलाय, पाईप अजून कापलेले नाहीत. कापण्याआधी विचारतोय, कारण ॲल्युमिनियम एकदा चुकीचं कापलं की पैसे गेले.

अडलंय ते ब्लो-ऑफ व्हॉल्व्हपाशी, म्हणजे पाय काढल्यावर पाईपमध्ये अडकलेला दाब मोकळा करणाऱ्या झडपेपाशी. वेल्डर म्हणतो, टर्बोच्या तोंडाशीच बंग (व्हॉल्व्ह बसवायचं तोंड) वेल्ड करू आणि हवा बाहेर सोडू, आवाजही छान येईल. मला ते नको आहे. आधीच्या मालकाने असाच बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह लावला होता. सिग्नल दिसला, पाय काढला, क्लच दाबला की आरपीएमचा काटा सरळ चारशेवर यायचा, गाडी एकदा थरथरायची आणि बंद. मागे पेट्रोलचा वास. हवा मॅफ सेन्सरने (आत येणारी हवा मोजणारा) आधीच मोजलेली असते, ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो आणि ती हवा इंजिनात पोहोचतच नाही, हे मला नंतर कळलं. मूळ डायव्हर्टर (हवा बाहेर न सोडता परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) परत लावला त्या दिवसापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही. त्यामुळे हवा परत इनटेकमध्येच सोडायची, हे पक्कं.

प्रश्न असे:

व्हॉल्व्ह टर्बोजवळ ठेवू की कूलरनंतर, थ्रॉटल बॉडीजवळ (इंजिनाच्या तोंडाशी हवा उघडझाप करणारा भाग)? रिटर्न नळी टर्बोच्या इनलेट पाईपला कुठे जोडू?

पाईप ६३ मिमीचा घेऊ की ५१चा? ६३च्या एक मीटर पाईपमध्ये सुमारे तीन लिटर हवा मावते, ५१मध्ये दोन. एवढ्याने लॅग, म्हणजे पाय दाबल्यावर टर्बोचा जोर यायला लागणारा वेळ, वाढेल का?

बूस्ट सेन्सर सध्या जुन्या कूलरच्या बाहेर पडणाऱ्या तोंडावर आहे. नव्या कूलरला ती सोय नाही. त्याचं काय करतात?

डायव्हर्टर तपासून पाहिला. हातात घेऊन आतला डायफ्राम बोटाने वर ढकलला, वरची बारीक नळी अंगठ्याने बंद केली आणि बोट काढलं. तो जागीच थांबायला हवा. माझा हळूहळू, तीन-चार सेकंदांत खाली आला. म्हणजे रबर कुठेतरी चिरलंय, नवीन घ्यावा लागेल.

प्रतिसाद

दादा, पाईप कापण्याआधी विचारलंत ते फार बरं केलंत.

व्हॉल्व्ह थ्रॉटलजवळ घ्या. थ्रॉटल मिटलं की दाब आधी तिथेच साठतो, तो तिथेच मोकळा झाला तर कूलरमधली हवा पुढे सरकत राहते आणि टर्बोवर उलटत नाही. शिवाय तिथली हवा थंड, डायफ्रामचं रबर जास्त टिकतं. कंपन्या टर्बोजवळही बसवतात आणि तेही चालतं, पण तुम्ही नवीन पाईप करताच आहात तर थंड बाजू बरी. तोटा एकच, रिटर्न नळी लांब होते. ती २५ मिमीची ठेवा आणि पंख्यापासून लांब बांधा.

रिटर्न मॅफच्या नंतरच, टर्बोच्या बाजूला. तोंड तिरकं करून टर्बोकडे वळवा. मॅफच्या अगदी जवळ किंवा त्याच्या दिशेने सोडलंत तर उलटी आलेली हवा सेन्सर पुन्हा मोजतो, मग आयडल डगमगतो.

व्हॉल्व्हचा कंट्रोल थ्रॉटलनंतरच्या मॅनिफोल्डवरूनच (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) घ्या. ब्रेक बूस्टरच्या नळीला टी मारू नका. एन२४९ सोलेनॉइड (डायव्हर्टरच्या कंट्रोल नळीवरचा विजेचा व्हॉल्व्ह) काढून टाकला तर चेक इंजिन दिवा लागतो, तो आहे तसा राहू द्या.

लॅगची काळजी सोडा. तुमचं इंजिन दर फेरीला जेमतेम ०.९ लिटर हवा घेतं, ३००० आरपीएमला सेकंदाला पन्नास फेऱ्या. जास्तीचं एक लिटर भरायला डोळा मिटायचाही वेळ लागत नाही. पण के०३ला ६३ लागतही नाही. टर्बोपासून कूलरपर्यंत ५१, कूलरनंतर ५७ करा. खरा तोटा वळणांत होतो, म्हणून तुकडे जोडून कोपरे करू देऊ नका, मँड्रेल बेंडच (आतून न चेपता वाकवलेला पाईप) घ्या. बूस्ट सेन्सरसाठी थंड बाजूच्या पाईपवर फ्लँज वेल्ड करून घ्या.

पाईपच्या प्रत्येक टोकाला बीड (उंचावलेली गोल कड) हवाच. बीड नसेल तर सिलिकॉन होज पहिल्याच जोरात निसटते आणि इंजिन रबर माउंटवर हलतं ते वेगळंच. होज बसवण्याआधी तेल पूर्ण पुसा, टी-बोल्ट क्लॅम्प वापरा.

धागाकर्ता

मनापासून आभार! रिटर्नचं तोंड तिरकं करायचं मला सुचलंच नसतं. सगळं बसल्यावर टर्बोच्या इनलेटला टोपी लावून कॉम्प्रेसरने ०.७ बारपर्यंत हवा भरून साबणाचं पाणी मारणार आहे. तेव्हा ब्रीदरची (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये नेणारी) नळी बंद करावी लागेल ना? नाहीतर हवा क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, जाणार.

प्रतिसाद

हो, ती चिमट्याने बंद करा, नाहीतर डिपस्टिककडून फुसफुस ऐकू येईल आणि तुम्ही पाईपमध्ये गळती शोधत बसाल. हवा हळूहळू भरा.

धागाकर्ता

ठीक. शनिवारी बम्पर उतरवतो. जुन्या कूलरवरून सेन्सरच्या बोल्टांची मापं घेऊन फ्लँज ॲल्युमिनियमची करून घेतो आणि वेल्डरला थ्रॉटलजवळची जागा मार्करने आखून देतो. नवीन डायव्हर्टर येईपर्यंत मात्र काहीच जोडत नाही.