मदत हवी आहे: थेरपी डॉग करायचं पिल्लू दात लावतंय (रविवारच्या आत उपाय हवा)

घाईची_सर
सरळ मुद्द्यावर येते. ढब्बूला थेरपी डॉग (आजारी, म्हाताऱ्या माणसांना भेटून दिलासा देणारा कुत्रा) करायचं म्हणूनच आणलं. सगळं छान चाललं होतं. बस म्हटलं की बसतो, पंजा देतो, नाकासमोर खाऊ ठेवून ‘थांब’ म्हटलं तरी थांबतो. पण गेल्या आठवड्यापासून कोणी हात पुढे केला की दात लावतोय. काल शेजारच्या काकूंच्या बोटाला ओरखडा आला. त्या हसून गेल्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारी आमची दुसरी भेट आहे. चार दिवसांत हे थांबेल असं काही सांगा. ‘ट्रेनरकडे जा’ सोडून, ते मलाही कळतं.

काडीमोड
वय? जात? कुठली भेट? आणि दुसरी असेल तर पहिली कधी झाली, तिथे काय झालं? गोष्ट मधल्याच पानावरून सुरू केलीत ताई.

घाईची_सर
लॅब्राडोर आहे. लसी झाल्या आहेत. वयाचा काय संबंध? चावणं ते चावणंच ना.

जुनं_खोड
आजवर सहा कुत्री सांभाळली, एकही चावरं निघालं नाही. घरात मालक कोण हे त्याला कळलेलं नाही, एवढाच रोग आहे. दात लावला की मानगुटीला धरून उताणं पाडायचं आणि धडपड थांबेपर्यंत सोडायचं नाही. दोन वेळांत सरळ येतं. जेवणसुद्धा आधी आपलं, मग त्याचं. लाडाने कुत्री बिघडतात, पोरांसारखीच.

निळी_छत्री
काका, हे कृपया करायला सांगू नका. ‘कळपाचा म्होरक्या’ ही कल्पना मुळात कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं. ज्यांच्या लिखाणामुळे ‘अल्फा’ (म्होरक्या) हा शब्द घरोघरी गेला त्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ मध्ये तो शब्द रानातल्या लांडग्यांना लागू होत नाही असं लिहिलं. आणि पिल्लू हाताला घाबरून दात लावत असेल, तर त्याच हाताने त्याला उताणं पाडून काय शिकवणार?

जुनं_खोड
घाबरून लावतंय हे तुम्हाला इथे बसून कळलं? वा. मीचसाहेबांनी माझी सहा कुत्री पाहिली नव्हती.

मांजरवाली
अवांतर आहे, पण मांजरीचा विचार केलात का? आमची आपणहून मांडीवर येऊन बसते. ना पट्टा, ना प्रशिक्षण.

काडीमोड
@मांजरवाली, तिला नको असेल तेव्हा दुसऱ्या कोणी मांडीवर घेऊन दाखवावं, मग बोलू.
@घाईची_सर, वय.

वैद्य_नाही_मी
बाकी भांडण चालू द्या. आधी काकूंचा ओरखडा साबणाने वाहत्या पाण्याखाली धुतला का? पंधरा मिनिटं धुवायचा असतो, दोन नव्हे. रक्त आलं नसेल तरी डॉक्टरांना दाखवून घ्या, पिल्लाचं लसीचं कार्डही बरोबर न्या. पुढे काय करायचं ते त्यांना ठरवू दे.

घाईची_सर
धुतला होता. पंधरा मिनिटं नाही. काकूंना घेऊन आज जाते, धन्यवाद.
वय साडेचार महिने. सात आठवड्यांचा होता तेव्हा आणला. आता पुढे सांगा.

कच्चा_लिंबू
डबाबंद खाणं देत असाल तर आधी बंद करा. कच्चं मांस सुरू करा. आमचा दोन आठवड्यांत शांत झाला, केसही चमकायला लागले.

कासवगती
@कच्चा_लिंबू, कच्चं मांस इथे अजिबात नको. अशा कुत्र्याच्या लाळेतून, विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू बाहेर पडू शकतात आणि थेरपी डॉग जातो तो नेमका प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसांजवळ. पेट पार्टनर्स ही या कामातली जुनी संस्था, ती कच्च्या मांसावरच्या कुत्र्यांना घेतच नाही.

@घाईची_सर, मी माझ्या कुत्रीला घेऊन सहा वर्षं अशा भेटींना जाते, म्हणून विचारते. साडेचार महिन्यांच्या पिल्लाला कुठे घेऊन गेला होतात? किती माणसं होती, किती वेळ? सात आठवड्यांपासून आजपर्यंत तो घराबाहेर किती पडला? आणि पेट पार्टनर्समध्ये कुत्रा किमान एक वर्षाचा लागतो, हे ठाऊक आहे ना?

घाईची_सर
एक वर्षाचं माहीत नव्हतं. पण आम्ही कुठल्या संस्थेतर्फे जातच नाही. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा ती तीन महिने एका शुश्रूषा केंद्रात होती. तिथे कोणीतरी आपला कुत्रा आणायचं आणि त्या दिवशी आई डावा हात हलवायची, त्याला थोपटायला. एरवी व्यायामाला हात उचल म्हटलं की चिडायची. आता ती घरी आहे. तिथल्या बाकीच्यांसाठी आपणही काहीतरी करावं असं वाटलं, म्हणून ढब्बू. तो कुत्रा आता येत नाही म्हणे.

बाहेर म्हणाल तर सोळा आठवड्यांपर्यंत अजिबात काढला नाही, लसी पूर्ण होईपर्यंत नको असं सांगितलं होतं. लसी झाल्यावर आठवड्याभरात केंद्रात नेला. तिथे इतका गुणी वागला की सगळे थक्क. अठरा-एकोणीस जण असतील, प्रत्येकाच्या मांडीवर दिला, पाऊण-एक तास. हूं नाही की चूं नाही, पुतळ्यासारखा बसला होता. म्हणून तर कळत नाहीये की घरी आल्यावर असं का.

निळी_छत्री
पुतळ्यासारखा. तुम्हीच लिहिलंत.

कासवगती
इथेच उत्तर आहे. पिल्लाची नव्या गोष्टी सहज स्वीकारण्याची खिडकी साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत उघडी असते. ढब्बूची ती सगळी घराच्या चार भिंतींत गेली. लसी होईपर्यंत जमिनीवर सोडू नका, हे ठीक. पण कडेवर घेऊन रस्ता दाखवता येतो, लसी झालेल्या निरोगी कुत्र्यांकडे नेता येतं. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांची अमेरिकन संघटना तर म्हणते की पहिली लस होऊन सात दिवस झाले की सात-आठ आठवड्यांचं पिल्लूही वर्गाला न्यायला हरकत नाही. तुम्हाला कोणी सांगितलं नाही, तुमचा दोष नाही.

मग ज्याने जेमतेम चार माणसं पाहिली त्याच्यावर एकदम अठरा अनोळखी हात. पळायला जागा नाही. अशा वेळी काही पिल्लं ओरडतात, काही गोठतात. गोठलेलं पिल्लू लांबून अगदी गुणी दिसतं. त्या दिवसाचा व्हिडिओ असेल तर आवाज बंद करून एकदा फक्त त्याचं तोंड बघा.

जुनं_खोड
आमच्या वेळी खिडक्या नव्हत्या, कुत्री दारातच असायची. ती कशी काय माणसाळली?

काडीमोड
काका, दारात होती म्हणूनच! येणारा-जाणारा, पोरं, सायकली, सगळं पहिल्या दिवसापासून समोर. तुम्ही नकळत तेच केलंत जे कासवगती सांगताहेत. यावर तरी भांडू नका.

जुनं_खोड
हं. तो मुद्दा बरोबर आहे. मानगुटीचा मी सोडलेला नाही.

एक_वाटसरू
या कामाला लॅब किंवा गोल्डनच लागतो ना? आमच्याकडे छोटा पॉमेरेनियन आहे.

निळी_छत्री
जातीपेक्षा स्वभाव बघतात. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात सापडलेली स्मोकी नावाची यॉर्कशायर टेरियर १९४४ मध्ये जखमी सैनिकांच्या वॉर्डात फिरायची. वजन जेमतेम चार पौंड. आणि ज्यांनी ही गोष्ट मानसोपचारात गंभीरपणे मांडली ते बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन, त्यांचा जिंगल्स तर कसलाही प्रशिक्षित नव्हता. बोलायला तयार नसलेला एक मुलगा ठरलेल्या वेळेआधी आला, जिंगल्स खोलीतच होता, मुलगा त्याच्याशी खेळायला लागला. तिथून १९६० च्या दशकात त्यांचं लिखाण सुरू झालं.

एक_वाटसरू
भारी. पण पॉमेरेनियन चालेल का?

घाईची_सर
व्हिडिओ पाहिला. तीन वेळा.

सुरुवातीला शेपूट हलतेय, पण खाली, पायांत. दुसऱ्या आजोबांकडे दिल्यावर स्वतःचंच नाक चाटतो, लगेच परत चाटतो. मी तेव्हा ‘खाऊ आठवला वाटतं’ असं म्हणतेय आणि सगळे हसताहेत. मग जांभई. एका आजींनी दोन्ही हातांनी तोंड धरलं तेव्हा मान पूर्ण वळवली आहे आणि डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय. मागे कुणाचा तरी वॉकर धाडकन पडतो. बाकी सगळे दचकले, हा नाही. कानसुद्धा हलला नाही. त्यानंतरची वीस मिनिटं तो खरंच पुतळा आहे.

हे माझ्या फोनमध्ये आठवडाभर होतं आणि मी ते नातेवाइकांना कौतुकाने पाठवत होते.

वैद्य_नाही_मी
सगळ्यांनाच असं होतं. माझ्या मुलाच्या नाटकाच्या व्हिडिओत तो रडतोय हे मला तिसऱ्यांदा बघताना कळलं.

कासवगती
आता कामाचं. रविवार रद्द. यावर चर्चा नको.

दात कधी लावतो ते वेगळं करून बघा. साडेचार महिने म्हणजे दुधाचे दात पडून पक्के यायची वेळ. चपला, खुर्चीचे पाय, खेळताना तुमची बाही, हे सगळं वयाचं आहे, चघळायला काहीतरी द्या आणि विसरा. डोक्यावरून हात आला की लावतो ते निराळं. ते ‘नको’ आहे. गुरगुरला तर रागावू नका, गुरगुरणं दाबलं तर पुढच्या वेळी इशारा न देताच चावेल.

हात नेहमी बाजूने, छातीशी किंवा खांद्याशी. तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. आणखी हवं असेल तर तो स्वतः टेकतो, नाकाने ढकलतो. नसेल तर तसाच राहतो किंवा दूर जातो. दूर गेला तर जाऊ द्यायचं, दर वेळी, तुमची आई असली तरी. आपण नको म्हटलं की माणसं ऐकतात हे एकदा कळलं की दातांची गरज बरीच कमी होते. पाहुण्यांनी हात लावायचाच नाही, खाऊ फक्त जमिनीवर टाकायचा, पंधरा दिवस तरी. आठवड्याभरात फरक दिसला नाही किंवा वाढलं, तर तुमचा नावडता सल्ला: वर्तनाचं कळणाऱ्या पशुवैद्याला दाखवा. कुठे दुखत असलं तरीही पिल्लं हाताला दात लावतात.

आणि बस, थांब, पंजा हे सगळं नंतरही येतं. थेरपी डॉगला सगळ्यात कमी लागतो तो पंजा. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, नखाने फाटते. पंजा देणं विसरवाच त्याला.

निळी_छत्री
+१. एक भर: पुढे कधी भेटी सुरू झाल्याच तर वेळ छोटी ठेवा. पेट पार्टनर्समध्ये सराईत कुत्र्यालाही दिवसाला दोन तासांच्या वर काम देत नाहीत.

जुनं_खोड
तीन सेकंदांचं आमच्या म्हातारीवर करून बघितलं (कुत्री, बायको नव्हे). तेरा वर्षांची आहे. दोनदा टेकली, तिसऱ्यांदा उठून गेली. तेरा वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

मांजरवाली
मांजरी हे पहिल्या दिवसापासून सांगतात.

घाईची_सर
केंद्राला कळवलं. त्या बाई म्हणाल्या, सावकाश या. काकू डॉक्टरांकडे जाऊन आल्या, ठीक आहेत, पुढच्या तारखा दिल्या आहेत.

आईला सांगितलं की कदाचित ढब्बू थेरपी डॉग होणारच नाही. तिला बोलायला वेळ लागतो. म्हणाली, “मग काय, परत देणारेस?” आणि डावा हात पलंगावरून खाली सोडून ठेवला, तसाच, हलवला नाही. तो आला, हुंगला, गेला. अर्ध्या तासाने पुन्हा आला आणि हाताखाली जाऊन आडवा झाला. मी काही बोलले नाही, व्हिडिओही काढला नाही.

एकच विचारायचं राहिलं. आईचा वॉकर घरातच आहे, ढब्बू त्याच्याकडे बघून खोलीच्या कडेकडेने जातो. लपवून ठेवू का?

कासवगती
लपवू नका. खोलीच्या कोपऱ्यात आडवा करून ठेवा, हलवायचा नाही, आजूबाजूला खाऊचे तुकडे टाकून तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. तो आपणहून हुंगायला लागला की दोन दिवसांनी उभा करा. ढकलायचा सगळ्यात शेवटी, तोही आईने नाही, तुम्ही. आईला चालायला तोच वॉकर लागत असेल तर तेवढ्या वेळापुरतं ढब्बूला दुसऱ्या खोलीत ठेवा.