पडवीतली जुनी मोटारसायकल घरीच, कमी खर्चात चालती करताना: तुमचे अनुभव लिहा

कोकणात मोटारसायकल चालून जेवढी झिजत नाही, तेवढी उभी राहून कुजते. आपल्याकडे वाडीवाडीत अशी एखादी गाडी सापडते. मुंबईला गेलेल्या काकांची येझदी, आजोबांची राजदूत, मास्तरांची हिरो होंडा सीडी हंड्रेड. पडवीच्या कोपऱ्यात, वर गोणपाट, शेजारी सोललेल्या नारळांचा ढीग. घरात कोणाला ती विकवत नाही आणि कोणाला हात लावायला सवडही नाही.

अशी गाडी ज्यांनी घरीच, पगारातून उरेल तेवढ्या पैशांत पुन्हा रस्त्यावर आणली, त्यांनी इथे सविस्तर लिहावं ही विनंती. चकचकीत क्रोमचे फोटो पुष्कळ बघायला मिळतात. मला आपल्या हवेतले अनुभव हवे आहेत. खारा वारा आणि चार महिने पाऊस असताना पुण्याच्या गॅरेजवाल्याचा सल्ला इथे अर्धाच लागू पडतो. आधी कशाला हात घातलात, पैसे कुठे ओतले, कुठे वाचवले, सामान कुठून आणलंत, सगळं लिहा.

सुरुवात मी करतो. मी रत्नागिरीचा, गाडी १९८६ ची येझदी रोडकिंग. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून या गाड्या १९९६ पर्यंत निघत होत्या. कारखाना बंद पडला तरी केबल, सील, गॅस्केट, पॉइंट असलं किरकोळ सामान छोटे कारखानदार अजून बनवतात, त्यामुळे येझदी घेणारा अगदीच उघड्यावर पडत नाही.

माझं सगळ्यांना पहिलं सांगणं: वर्षानुवर्षं उभ्या गाडीला उत्साहाने किक मारू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून ओतायचं आणि आठवडाभर गाडीकडे बघायचं नाही. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे करायचं. पिस्टन सुटला की ते हाताला कळतं. आधी चाक दगडासारखं असतं, मग एक बारीकसा ‘टक’ येतो आणि ते अर्धा बोट सरकतं.

दुसरं म्हणजे ऑइल सील. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो ती पेटी, हवाबंद असावी लागते. उभ्या गाडीचे क्रँकचे सील कडक होतात, चिरतात. मग इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते आणि पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. क्लचच्या बाजूचा सील गेला तर तिथलं ऑइल ओढून गाडी पांढऱ्या धुराचे लोट सोडते. लोक कार्बोरेटर फिरवत बसतात आणि दोष असतो सीलमध्ये. माझ्या खर्चातला मोठा वाटा क्रँक, बेअरिंग आणि सीलवर गेला आणि तो योग्यच होता. क्रँक कोल्हापूरला उद्यमनगरात प्रेसवर करून घेतला. जाताना स्वतः नेला, येताना एसटीच्या पार्सलने आला. रंग अजून जुनाच आहे.

हर्णै, दापोली तालुका

आमच्या बाबांची राजदूत १७५. ते हर्णैच्या लिलावातून मासळी उचलून दापोलीला न्यायचे. पाटीतलं खारं पाणी वर्षानुवर्षं मागच्या मडगार्डवर ठिबकलं, त्यामुळे इंजिन बरं आणि पत्रा गेलेला, अशी अवस्था होती. उरलंसुरलं निसर्ग वादळात छप्पर उडालं तेव्हा झालं. बाबा आता थकलेत, म्हणून काम मी अंगावर घेतलं. राजदूतचं मूळ डिझाइन पोलंडच्या एसएचएल गाडीचं. साधी आणि दणकट बांधणी, शिकणाऱ्याला याहून चांगली गाडी नाही.

मला पत्रा आणि रंगाबद्दलच लिहायचं आहे, कारण किनाऱ्यावर तिथेच घोळ होतो. गंज घासून पत्रा पांढरा झाला म्हणजे काम संपलं असं नाही. गंजाने पाडलेल्या बारीक खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं. त्यावर थेट प्राइमर मारलात तर पहिल्याच पावसाळ्यात रंगाखाली फोड उठतात. म्हणून घासून झाल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्याने पत्रा चोळून धुवायचा, फडक्याने पुसून उन्हात कडकडीत वाळवायचा, पुन्हा एकदा पॉलिश पेपर फिरवायचा आणि त्याच दिवशी प्राइमर. रात्रभर उघडा पत्रा ठेवला की सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते.

मडगार्डची कड आत दुमडलेली असते ना, खरा शत्रू त्या घडीत. मी ती घडी पेचकसाने थोडी उघडली, तर आतून काळपट गंजाचा चुरा मूठभर निघाला. आत दात घासायच्या जुन्या ब्रशने प्राइमर भरला आणि कड परत ठोकली.

प्राइमर मी होड्यांना मारतात तो इपॉक्सीचा, दोन डब्यांचा वापरला. बंदरावर सुटा मिळतो. ट्रॉलरच्या तळाला टिकणारी वस्तू मडगार्डला टिकणारच. वरचा रंग साधा, कॉम्प्रेसर शेजारच्या गॅरेजचा, तासाच्या भाड्याने. रंगकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा. हवेत दमटपणा असला की रंग वाळताना पांढरट पडतो. बाबांच्या पाटीने पाडलेले पोचे मी लांबी (पुटी) भरून बुजवले नाहीत. ते त्यांच्या कष्टाचे आहेत.

चिपळूण

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा माणसं वर नेली, गाडी खालीच राहिली. यामाहा आरएक्स १००, हँडलसकट पाण्याखाली.

पुरातून निघालेल्या गाडीबद्दल एवढंच सांगेन की पाण्यापेक्षा गाळ वाईट. तो पिठासारखा बारीक असतो आणि क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जातो. पाणी ओसरल्यावर अनेकांनी प्लग पुसून किक मारल्या आणि त्यांच्या बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, उभे चरे पडले. आम्ही गाडी लोळवून सायलेन्सर आणि टाकी रिकामी केली, इंजिन उतरवलं, तुकडा न् तुकडा डिझेलने धुतला, मग पेट्रोलने. पडवीत वर्तमानपत्रावर सगळं मांडलं होतं. आई रोज विचारायची, हे परत बसणार कसं? म्हणून प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्याच्या जागेवर खोचून ठेवला. कव्हरचे स्क्रू कमीजास्त लांबीचे असतात, ही युक्ती फार कामाला आली.

आरएक्सला टू-टी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलचा वेगळा पंप असतो. त्याच्या नळीत गाळाचा एक कण अडकला तरी इंजिन कोरडं पडेल. पंप नीट चालतो अशी खात्री पटेपर्यंत मी पेट्रोलमध्येच लिटरला ३०-४० मिली ऑइल मिसळत होतो. धूर होतो, पण पिस्टन वाचतो. मॅग्नेटची कॉइल मात्र वाचली नाही, नवी घातली. बोअर पाव मिलिमीटरने वाढवून पुढच्या मापाचा पिस्टन टाकला. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ही गाडी बनली, पण सामान आजही सगळ्यात सहज हिचंच मिळतं. पुण्यात नाना पेठेत एका गल्लीत अर्धं इंजिन गोळा होतं.

अलिबाग

कागदांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पाना हातात घ्यायच्या आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, बघा. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवर पुसून वाचा, आरसीशी ताडून पाहा. जुळत नसतील तर तिथेच थांबा. नंतर कितीही सुंदर गाडी केली तरी ती रस्त्यावर आणता येणार नाही.

आजोबांच्या नावावरची गाडी वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१ लागतो. आरसी पुरात किंवा वाळवीत गेली असेल तर दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी नव्याने करायला फॉर्म २५, आणि ती पाच-पाच वर्षांनी करावी लागते.

‘व्हिंटेज’ नोंदणीबद्दल गैरसमज फार आहेत. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी आहे. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या येझदी-आरएक्सवाल्यांनी तिकडे जायचं कारणच नाही. नेहमीचं पासिंग करा आणि खुशाल बाजारात फिरवा.

हौशीने रूप बदलणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी रचना करता येत नाही, इंजिन बदलायला परवानगी लागते, रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी.

मालवण

अलिबागकरांचं बरोबर आहे, आणि त्या चौकटीतही करण्यासारखं पुष्कळ आहे. माझ्याकडे वडिलांची सीडी हंड्रेड. माझा नियम असा की चेसिस कापायची नाही, वेल्डिंग करायचं नाही, जे काढलं ते ग्रीस लावून, फडक्यात गुंडाळून डब्यात. उद्या कोणाला मूळ रूप हवं असेल तर एका दुपारी परत बसवता यावं.

सीट रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्याकडून करून घेतली. खाली त्याने नवा फोम दिला आणि शिवणीच्या आतून रबराची पट्टी, म्हणजे पावसाचं पाणी फोममध्ये उतरत नाही. मागचं कॅरिअर होड्यांचे कठडे बनवणाऱ्याने स्टेनलेसच्या पाइपच्या उरलेल्या तुकड्यांतून केलं, मूळ बोल्टच्याच भोकांवर. गळाच्या काठ्या आणि बर्फाची पेटी दोन्ही बसतात.

वायरिंगला मात्र काटकसर करू नका. आपल्याकडे तांब्याची तार कनेक्टरमध्ये हिरवी पडते, मग दिवा लागतो-विझतो आणि लोक बॅटरीला दोष देतात. मी होडीच्या सामानाच्या दुकानातून कल्हई केलेली तार आणली, ती लवकर हिरवी पडत नाही. प्रत्येक जोड झाळला, वर आकसणारी नळी चढवली, आणि अर्थिंगच्या जागेवरचा रंग खरवडून बोल्ट घट्ट करून वरून ग्रीस.

जुने ब्रेक लायनर काढताना ड्रममधली धूळ फुंकरीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. आणि एक गंमत म्हणून: लायनरच्या मिश्रणात काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेली भुकटी घालतात. आपल्या काजूचा असाही उपयोग आहे, मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

बाबा रोज खळ्यात येऊन एकच विचारायचे, “चलतली मा रे?” आता बाजाराला तेच नेतात, मला मिळत नाही.

देवगड

टाकीबद्दल थोडं. आतून गंजलेल्या टाकीत संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओतायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गंजाबरोबर पत्राही जातो आणि धुतल्यावर तासाभरात टाकी पुन्हा तांबडी. किराणा दुकानातलं लिंबूसत पुरतं, लिटरला साधारण १०० ग्रॅम, गरम पाण्यात. पेट्रोलचा कॉक काढून भोक बंद करा, आत जुन्या चेनचा तुकडा टाकून हलवा, रात्रभर ठेवा. नंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवून धुवा, लगेच गरम हवेने वाळवा आणि पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल घालून आत सगळीकडे खेळवा. भोकं पडली असतील तर झाळायचं काम सवयीच्या माणसाकडेच द्या. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते, जीवावर बेततं.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे हवेत पाणीच पाणी. पाणी वाढलं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाला बसतं. जुन्या कार्बोरेटरचं रबर फुगतं, आतल्या अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पापडी धरते. रबराच्या नळ्या आणि फ्लोटच्या सुईचं सील नव्या पेट्रोलला चालेल असंच घ्या. दोन-चारशे रुपयांचं काम आहे.

गुहागर, सध्या ठाणे

आमची बुलेट गावी. आम्ही गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात जाणार. मधल्या काळात काय करावं? भाऊ म्हणतो टाकी गच्च भरून ठेव, म्हणजे गंज धरणार नाही.

रत्नागिरी (धागाकर्ता)

भावाचा सल्ला जुन्या पेट्रोलला ठीक होता. देवगडकरांनी लिहिलं तेच कारण, आता मी उलट करतो. मेअखेर टाकी पूर्ण रिकामी करायची, आत इंजिन ऑइल खेळवायचं, कार्बोरेटरचा तळाचा स्क्रू सोडून तोही कोरडा करायचा. प्लगच्या भोकातून दोन चमचे ऑइल आणि किक हाताने हळू फिरवायची. बॅटरी काढून घरात. गाडी मधल्या स्टँडवर, पुढच्या चाकाखाली लाकडाचा ओंडका. खोबरेल तेल किंवा ग्रीसचा पातळ हात सगळ्या क्रोमवर. प्लास्टिकचा कागद मुळीच घालू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर घाला. सायलेन्सरचं तोंड फडक्याने बांधा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते, आणि फडकं तिथे आहे याची आठवण राहावी म्हणून तशीच एक चिंधी किल्लीला बांधून ठेवा.

राजापूर, लांजा, वेंगुर्ला इकडचं अजून कोणी लिहिलेलं नाही. लॅम्ब्रेटा आणि चेतकवाल्यांनीही लिहिलं तर चालेल.