फुटबॉलमधला डोक्याचा मार आणि पुढाऱ्यांची लुडबुड

फ्रिस्कोकर
पोरगा सातवीत गेला आणि आता त्याला टॅकल फुटबॉल खेळायचंय. आपला पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेट घालून समोरच्याला धडकून पाडायचा, अमेरिकन. टेक्सासमध्ये शुक्रवारी रात्री अख्खं गाव हायस्कूलच्या मॅचला लोटतं, तेव्हा हे कधीतरी होणारच होतं. शाळेकडून कन्कशनचा (डोक्याला मार लागून मेंदू हादरतो तो) फॉर्म आलाय सहीला, त्यावरून घरात दोन दिवस धुसफूस. बायको म्हणते कॅलिफोर्नियात १२ वर्षांखालच्यांना टॅकल बंद करायचं बिल आलं होतं ते उगाच का. माझं म्हणणं, पुढारी कशाला मध्ये पडतात? खेळायचं का नाही ते आईबाप बघतील, नियमांचं लीग बघेल. २००९ ला इथल्या संसदेच्या, म्हणजे अमेरिकन काँग्रेसच्या कमिटीने एनएफएल या व्यावसायिक लीगचा प्रमुख गुडेल याला डोक्याच्या मारावरून समोर बसवून झापलं, एक खासदारबाई म्हणाल्या तुमचं वागणं सिगरेट कंपन्यांसारखं आहे. टीव्हीवर झकास दिसलं, पण पुढे काय?

नाना_एडिसन
पुढे काय म्हणजे? अहो दोन महिन्यांच्या आत नियम बदलला, कन्कशनची लक्षणं दिसली की त्या दिवशी परत मैदानात नाही. त्याआधी लीगला सांगून सांगून लोक थकले होते. स्टीलर्स टीमचा माइक वेब्स्टर, १७ सीझन खेळला, चार सुपर बोल (लीगची फायनल) जिंकला, २००२ ला पन्नाशीत गेला आणि त्याच्या मेंदूची तपासणी करणाऱ्या डॉ. ओमालूंना त्यात सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडला. २००५ ला त्यांनी पेपर छापला तर लीगचेच डॉक्टर म्हणाले मागे घ्या! ही तुमची नियमांचं बघणारी लीग.
आणि लुडबुड जुनीच आहे. १९०५ च्या एका सीझनमध्ये १८-१९ पोरं मेली तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं होतं. पुढच्याच वर्षी फॉरवर्ड पास, म्हणजे बॉल पुढे फेकायची मुभा, आला. तो नसता तर अजून एकमेकांवर ढीग रचत बसले असते.

वऱ्हाडी_ठेचा
नाना, रूझवेल्टने कायदा कुठं केला? बोलावलं, दम दिला, नियम कॉलेजवाल्यांनीच बदलले. म्हणजे फ्रिस्कोकरचंच बरोबर झालं की. बाकी पुढाऱ्यांना डोक्याचं काय पडलंय. ओबामा २०१३ ला म्हणाले मला मुलगा असता तर खेळू देण्याआधी फार विचार केला असता. सेफ बोलणं आहे राव, दोन्ही मुलीच आहेत 😀 ट्रम्प २०१७ ला अलाबामात म्हणाले जोरात धडकलं की पेनल्टी देतात, खेळाची वाट लावताहेत. ते कॅलिफोर्नियाचं बिलही तिथल्या गव्हर्नर न्यूसमने २०२४ ला सांगून टाकलं की सही करणार नाही. समोर कोण बसलंय ते बघून बोलायचं. आपल्याकडे दहीहंडीत हायकोर्टाने २०१४ ला २० फुटांची मर्यादा घातली तेव्हा कोण ओरडत होतं? थरांना लाखांची बक्षिसं लावणारेच.

नाना_एडिसन
दहीहंडीचा वेगळा धागा काढा.

सुमेधा_आरएन
मी न्यूरो वॉर्डात नर्स आहे म्हणून थोडं लांब लिहिते. हेल्मेट कवटी वाचवतं, मेंदू नाही. डोकं गपकन थांबलं तरी आतला मेंदू थांबत नाही, बाटलीतलं दही हलवल्यासारखं होतं आणि त्यावर बाहेरून कितीही फोम लावा. त्यात एका मोठ्या दणक्यापेक्षा रोजचे छोटे छोटे दणके, ज्यांना कोणी कन्कशन म्हणत पण नाही, ते साठत जातात. सीटीई खात्रीने कळतो तो मेल्यावरच. १११ पैकी ११० एनएफएल खेळाडूंच्या मेंदूत सापडला हा २०१७ चा आकडा सगळे फेकतात, पण ते मेंदू दान केलेले होते, बहुतेक घरच्यांना आधीच शंका होती म्हणून दिलेले. त्यावरून सगळ्यांनाच होतो असं म्हणू नका, काहीच होत नाही असंही नका.
कायद्याचं म्हणाल तर तो फॉर्म तुमच्या हातात आला तोच कायद्याने. वॉशिंग्टन राज्यात १३ वर्षांच्या पोराला डोक्याला मार लागल्यावर त्याच मॅचमध्ये परत उतरवलं आणि तो कोसळला, त्यावरून २००९ चा कायदा. २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. हे कुठल्या लीगने आपणहून केलं?

पराग_ह्यूस्टन
सुमेधाताईंना +१. भाच्याच्या मॅचला बसलो होतो, एक पोरगा धडकला, उठला, हेल्मेट नीट केलं आणि शांतपणे समोरच्या टीमच्या बेंचवर जाऊन बसला. प्रेक्षक हसले. मीपण हसलो, खोटं कशाला बोलू. कोच हात दाखवून त्याला आत बोलवत होता, शेवटी ट्रेनरबाई धावत गेल्या आणि कोचला म्हणाल्या आज हा खेळणार नाही, माझ्या हातात नाहीये ते, कायदा आहे. कोचचं तोंड बघण्यासारखं झालं. तेव्हा तिथे कायदा नसता तर ती बाई एकटी कुठवर भांडली असती?

फ्रिस्कोकर
ताई, तो फॉर्म कायद्याने आलाय हे खरंच माहीत नव्हतं, मला वाटलं शाळेने स्वतःची कातडी वाचवायला दिलाय. परत उतरवू नका इथपर्यंत कायदा ठीक, मान्य. पण खेळूच नका म्हणणारा कायदा मला अजूनही पटत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
पोरगा कुठं खेळणार पण? किकर (नुसता बॉलला लाथ मारणारा) असेल तर करा सही आणि झोपा.

फ्रिस्कोकर
कोच म्हणतो अंगाने भरलेला आहे, सेंटरला घेतो.

सुमेधा_आरएन
सेंटर म्हणजे प्रत्येक प्लेला समोरच्याशी टक्कर. नानांनी वर लिहिलाय ना तो वेब्स्टर, तोही सेंटरच होता.