मदत हवी आहे: बॅबिलोनमधला कर्जाचा खटला रंगमंचावर कसा दाखवायचा?

शरयू_ल:
एकांकिकेत बॅबिलोनचा खटला आहे, सावकार विरुद्ध शेतकरी. वकील कुठे उभे करू? न्यायाधीश किती? हम्मुराबीच्या कायदेसंहितेचं भाषांतर वाचलं, त्यात कामकाजाचं काहीच नाही. सोमवारपासून तालमी आहेत, पटकन सांगा.

मातीची_पाटी:
काळ कोणता, राजा हम्मुराबीचा (इ.स.पू. १७९२–१७५०) की राजा नेबुखद्नेझरचा? मध्ये हजाराहून जास्त वर्षं आहेत. कर्ज चांदीचं की सातूचं? शेतकऱ्याने फेडलं का नाही? वकील मात्र काढाच, दोन्ही पक्ष स्वतः बोलत.

दजला:
नदीचा कौल घ्या! आरोपी नदीत उतरतो, बुडाला तर दोषी. प्रेक्षक हलणार नाहीत.

मातीची_पाटी:
कर्जाला नदी नाही हो. नदी संहितेत येते ती कलम २ आणि १३२ मध्ये: कलम २ चेटकाच्या आरोपाचं, १३२ बायकोवरच्या संशयाचं. इथे लागतात कर्जाचा करार लिहिलेली मातीची पाटी आणि साक्षीदार, आणि तेवढ्याने भागलं नाही तर देवासमोर शपथ.

दजला:
नाटक आहे, प्रबंध नाही.

शरयू_ल:
हम्मुराबीच. सातूचं कर्ज, शेत पुरात गेलं. उघड आहे ना?

उत्खनन:
नव्हतं, आणि पुरामुळे सगळाच खटला फिरतो. कलम ४८: पूर आला, वादळाने पीक झोपलं किंवा पाणीच मिळालं नाही, तर त्या वर्षी सावकाराला धान्य द्यायचं नाही, व्याजही नाही. पाटी ओली करून मजकूर बदलायचा. ही कृती रंगमंचावर दाखवाच. मुद्दल बुडत नाही, फक्त पुढे जातं; शेतकऱ्याला कर्जमुक्त करून टाकू नका.
व्याज एका गुरला (हे धान्याचं माप) १०० सिला. गुर म्हणजे ३०० सिला, सिला साधारण एक लिटर. सावकाराने याहून जास्त लावलं तर मुद्दलही गमावतो, तो धागा हवा तर घ्या.
पाटीवर मातीचं पाकीट असे, त्यावर तोच मजकूर पुन्हा आणि साक्षीदारांचे शिक्के. बाहेरच्या मजकुरात फेरफार झाल्याचा वाद असेल तर न्यायाधीशांसमोर पाकीट फोडायचं. शिक्का नसलेला माणूस नखाचा किंवा वस्त्राच्या काठाचा ठसा उमटवी.

संशयात्मा:
न्यायाधीशाच्या तोंडी ‘कलम ४८’ घालू नका. संहिता कोरलेल्या दगडी स्तंभावर कलमांचे आकडे नाहीतच, ते फ्रेंच अभ्यासक शाइल यांनी १९०२ साली दिले. आणि त्या काळच्या निकालपत्रांत संहितेचा हवाला जवळजवळ दिसतच नाही. ती राजाची कीर्ती आहे, कायद्याचं पुस्तक नव्हे.

उत्खनन:
संहितेच्या उपसंहारात राजाच म्हणतो की अन्याय झालेल्याने यावं, लेख वाचून घ्यावा.

संशयात्मा:
म्हणतो राजा. निकालपत्रांत काय आहे ते बघा.

लूव्रवारी:
स्तंभ सव्वादोन मीटर उंच, काळा दगड, इराणमधल्या सुसाला सापडला. वर बसलेला देव शमाश आहे, म्हणजे सूर्याचा आणि न्यायाचा देव; बॅबिलोनचा नगरदेव मार्दुक नव्हे.

शरयू_ल:
उंची नको हो! न्यायाधीश किती?

मातीची_पाटी:
एकटा बसवू नका. दोन-चार न्यायाधीश, शेजारी नगरातले वृद्ध. सिप्पार नगर निवडा, तिथे शमाशचं मंदिर आहे, देवाचं चिन्ह समोर आणून शपथ देता येईल. शिक्कामोर्तब झालेला निकाल न्यायाधीशाने नंतर बदलला तर दाव्याच्या रकमेच्या बारापट दंड आणि पदावरून कायमची हकालपट्टी.

दजला:
मग शेवटी राजाची कर्जमाफी आणा. सिप्पारच्याच एका अर्जात राजाने नगरासाठी सोन्याची मशाल (माफीची खूण) उंचावल्याचा उल्लेख आहे, त्यानंतर पाट्या फोडल्या गेल्या.

मातीची_पाटी:
हे चालेल. फक्त अशा माफीत व्यापारातल्या भागीदारीचं कर्ज सुटत नसे. शरयूताई, सातू खायला घेतला होता की व्यापाराला?