टेकडीसाठी फ्लॅट पेडलच घ्या, आणि पैसे आधी बुटांवर घाला

टेकडीकर:
नवी एमटीबी (माउंटन बाइक) घेतली की महिन्याभरात कुणीतरी सांगतंच, "आता क्लिपलेस लाव, खरी मजा त्यातच." म्हणजे बुटाच्या तळाची धातूची क्लीट पेडलात अडकवून पाय जखडायचा; बोलताना त्यालाच नुसतं क्लिप म्हणतात. पुण्यातल्या वेताळ टेकडी, तळजाई-पाचगाव, बाणेर-पाषाण या आपल्या नेहमीच्या जागांसाठी हा सल्ला मला साफ नामंजूर आहे. इथे फ्लॅटच हवीत, म्हणजे पाय नुसता वर टेकवायची सपाट पेडलं. सायकलसोबत आलेली गुळगुळीत प्लास्टिकची नव्हेत, पिना असलेली, पसरट, नायलॉनची. आणि वाचलेले पैसे बुटांवर घाला.

आपली जमीन बघा. खाली कातळ, वर मुरमाचा पातळ थर. पाऊस संपून गवत वाळलं की हा मुरूम सुटतो आणि वळणावर पुढचं चाक अचानक निसटतं. त्या वेळी पाय आपोआप जमिनीकडे जातो, आणि तो कशात अडकलेला नसणं लाखमोलाचं असतं. शिवाय इथे लांबलचक चढ नाहीतच. थोडा वेळ दम काढणारा चढ, लगेच वळण, समोरून फिरायला आलेले आजी-आजोबा, नाहीतर मोकळं सोडलेलं कुत्रं. थांबायचं, पाय टेकायचा, वाट द्यायची, परत निघायचं. टेकडी आधी चालणाऱ्यांची आहे, हे मी मनापासून मानतो.

पेडल घेताना वजन सगळ्यात शेवटी बघा. आधी आकार. मधला भाग कडांपेक्षा जरा खोल हवा. स्वस्तातली बरीच पेडलं नेमकी उलटी असतात: दांडा आणि बेअरिंग सामावायला मधे फुगवटा. चवडा त्या फुगवट्यावर तरंगतो आणि कडेच्या पिना तळात रुततच नाहीत. पिनांची संख्या मोजत बसू नका. दाटीवाटीने लावलेल्या बुटक्या पिनांपेक्षा मोजक्या, लांब आणि अंतर राखून लावलेल्या पिना जास्त धरतात, कारण प्रत्येक पिनेवर भार जास्त येतो आणि ती रबरात खोल जाते.

राहिला बूट. तळ सपाट आणि रबर मऊ. फाइव्ह टेन कंपनीचं स्टेल्थ रबर मुळात प्रस्तरारोहणाच्या बुटांसाठी बनलं होतं. ते सायकलच्या बुटांना लागल्यावर फ्लॅट पेडलांची पकड खूपच वाढली. गुळगुळीत, कडक तळाचा जॉगिंगचा बूट घालून महागडी पेडलं लावलीत तर पैसे वाया गेले म्हणून समजा.

चेनरिंग:
जमिनीचं वर्णन शंभर टक्के पटलं, निष्कर्ष अजिबात नाही. जमीन अशी आहे म्हणूनच मला क्लिप हवी. पाषाणच्या बाजूला उतरताना दगडांचा जो पट्टा लागतो, तिथे वेग धरला की सायकल पायाखाली थडथडते. फ्लॅटवरून पाय उडतो तो तिथेच. उडालेला पाय परत बसेपर्यंत क्रँक (पेडल जोडलेला हात) फिरतो आणि पिना थेट नडगीवर. क्लिपमध्ये पाय जिथल्या तिथे, मग सगळं लक्ष समोरच्या वाटेवर.

आणि ही काही रस्त्यावरच्या सायकलवरून उचललेली पद्धत नाही. शिमानोने १९९० मध्ये एसपीडी ही क्लिपची पेडलं आणली ती एमटीबीसाठीच. छोटी क्लीट तळात खोल बसवलेली, म्हणजे उतरून चालता यावं. क्रॉसकंट्रीच्या (चढ-उतार दोन्ही असलेल्या शर्यतीच्या) वर्ल्डकपला आज कुणाच्या पायाखाली फ्लॅट दिसतात, सांगा.

अडकून पडण्याची भीती सुरुवातीची असते. एसपीडीवर स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू असतो, ३ मिमीच्या अ‍ॅलन कीने फिरतो. तो पार सैल करा. वर एसएच ५६ क्लीट घ्या, ती फक्त टाच बाहेर वळवूनच नाही तर इतर दिशांना झटका दिला तरी सुटते. सोसायटीच्या हिरवळीवर चार संध्याकाळी सराव केला की पाय आपसूक सुटायला लागतो.

टेकडीकर:
वर्ल्डकप क्रॉसकंट्रीचा काढलात, मग उताराचाही काढू. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल फ्लॅट पेडलांवर २००६, २००७ आणि २०१० मध्ये डाउनहिलचा जगज्जेता झाला. पुढे २०१७, २०१८, २०१९ अशी सलग तीन वर्षं एंड्युरो वर्ल्ड सिरीज (मुख्यतः उताराच्या टप्प्यांची वेळ मोजणारी शर्यतमालिका) त्यानेच जिंकली, पुन्हा फ्लॅटवरच. थडथडणाऱ्या दगडांवर पाय राहतच नाही, हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही.

पाय उडतो कारण टाच वर असते. उतारावर टाच खाली सोडा, पाय थोडा पुढे सरकवून पेडल चवड्याच्या मागे येऊ द्या. आता प्रत्येक दणका पाय उडवण्याऐवजी पिनांवर दाबतो. क्लिपमध्ये हे शिकावंच लागत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे. दगडावरून सायकल उचलायची तर क्लिपवाला पायाने ती वर खेचतो. फ्लॅटवाल्याला आधी वजन मागे नेऊन, मग चवडा खाली वळवून पेडलाला मागे रेटत सायकल उचलावी लागते. हे एकदा अंगात मुरलं की कुठल्याही पेडलवर चालतं.

"क्लिपमुळे पाय वर ओढून जास्त ताकद मिळते" हेही ऐकतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलस्वारांना मुद्दाम पाय वर ओढायला लावलं, तेव्हा तेवढ्याच कामाला जास्त ऊर्जा लागली.

चेनरिंग:
तो प्रयोग प्रयोगशाळेत, एका लयीत पेडल मारताना झालेला. वेताळ टेकडीच्या एआरएआयकडच्या चढावर लय कुठली? पुढचं चाक दगडाला अडलं की अर्ध्या फेऱ्याचा जोर लागतो, आणि तेवढ्यासाठी वर ओढता येणं हाच फरक ठरतो. तो अर्धा फेरा निघाला तर सायकलवर, नाहीतर ढकलत. आणि सॅम हिलचं म्हणाल तर तो गाजलाच त्यामुळे, की बाजूचे जवळपास सगळे क्लिपमध्ये होते. त्याची घोट्यांची जाण कुणाकडे आहे? मी चढावर सायकल ढकलायला टेकडीवर येत नाही.

पाचगावची:
तुम्हा दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट सुटली, मापाची. माझा पाय लहान आहे. दुकानात सरसकट मोठं पेडल हातात देतात आणि सांगतात, जितकं मोठं तितकी पकड. लहान पायाला त्या कडेच्या पिना लागतच नाहीत, उलट बाहेर आलेला कोपरा दगडाला आपटतो. पाचगावच्या बाजूला खोल चरीतून जाताना हे हमखास होतं, आणि पेडल आपटलं की सायकल बाजूला फेकली जाते. क्रँकब्रदर्सची स्टँप दोन मापांत येतात, लहान १०० बाय १०० मिमी आणि मोठी ११४ बाय १११. इतर कंपन्यांनीही असं करायला हवं. जाडीही बघा, पातळ पेडल कमी आपटतं.

बुटांबद्दल टेकडीकरदादांशी अर्धीच सहमत. आपल्याकडचे निम्मे लोक ट्रेकिंगमधून सायकलकडे आलेत आणि त्यांच्याकडे अ‍ॅक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट आहेतच. मुरमावर आणि ओल्या कातळावर चालायला त्यांना तोड नाही. मी तेच घालते. सायकल उचलून खाणीच्या कडेने चढायची वेळ आली की सपाट तळवाले घसरताना मी पाहिलेत.

टेकडीकर:
ताई, मापाचा मुद्दा बिनतोड. पण अ‍ॅक्शनच्या तळाला खोल खाचा असतात. पिन खाचेत पडली तर पाय तिथेच अडतो, हवा तसा बसवता येत नाही, आणि रबराच्या उंचवट्यावर पडली तर नीट रुतत नाही. दोन-तीन महिने वापरून बूट उलटा करून बघा. पिनांच्या खळग्या चवड्यामागे एकाच जागी ठिपक्यांसारख्या दिसल्या तर पाय नेमका बसतोय. लांब ओरखडे असतील तर तो दर दणक्याला सरकतोय.

पाचगावची:
बघितलं. ओरखडे आहेत, पण टाचेकडे, चवड्यापाशी नाहीत. मी बूट बदलणार नाही.

जुना पान्हा:
नायलॉनचं एवढं कौतुक नको. सायकली खोलतो म्हणून सांगतो. नायलॉनमध्ये पिन थेट आट्यांवर बसवलेली असेल तर दोन-तीन आपटण्यांत आटे जातात आणि पिन गळते. घ्यायचंच तर खालून स्क्रू घातलेलं किंवा मागे नट असलेलं घ्या. वरून घासून पिनेचं डोकं गेलं तरी खालून काढता येते. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी वाकेल, ओरबाडेल, पण आटे टिकतात. मी अ‍ॅल्युमिनियमच सुचवतो. नायलॉन दगडावरून सरकून निघतं आणि धातू अडतो, हे मात्र खरं आहे.

लोक बॉडीवर भांडतात आणि आतलं कुणी बघत नाही. एका बाजूला बुश (दांडा जिच्यात फिरतो ती छोटी नळी), दुसऱ्या बाजूला सीलबंद बेअरिंग, अशी रचना बऱ्याच पेडलांत असते. जून ते सप्टेंबर चिखलातून चालवलीत आणि घरी प्रेशरच्या पाण्याने धुतलीत तर सीलमधून पाणी आत जातं, ग्रीस निघून जातं. पेडल हाताने धरून वर-खाली हलवा, खडखड जाणवली की बुश गेलं. पावसाळ्याआधी आणि नंतर उघडून ग्रीस भरा. सुटे बुश आणि बेअरिंग मिळतात का, हे विकत घेतानाच विचारा. मिळत नसतील तर ते पेडल कितीही भारी दिसो, घेऊ नका.

क्लिपवाल्यांनाही तेच. शेताच्या बांधाची काळी चिकट माती क्लीटमध्ये भरली की ना आत जाते ना बाहेर येते. मुळशीकडे पावसात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नवा भिडू:
सगळं वाचलं. माझ्याकडे कॅनव्हासचे सपाट तळाचे बूट आहेत आणि खिशात पाच हजार. सायकल सहा महिने जुनी, पेडलं तीच आलेली. काय करू?

चेनरिंग:
पैसे साठव आणि एकदाच क्लिप-बूट घे. दोनदा खर्च कशाला?

टेकडीकर:
आत्ता फक्त पेडलं घे. कॅनव्हासचा तळ सपाट आहे, रबर पातळ असलं तरी पिना धरतील. फक्त तळ मऊ असल्याने लांब उतारावर तळवा दुखेल, तो दुखायला लागला की कडक तळाचे बूट बघ. चेनरिंग म्हणतात तसं थांबलास तर तोवर त्या गुळगुळीत प्लास्टिकवर पाय घसरवत बसशील.

चेनरिंग:
सहा महिने घसरवलाच आहे, अजून दोन महिन्यांनी काही बिघडत नाही.

जुना पान्हा:
काहीही घे, पण काढताना जपून. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. क्रँकच्या बाजूने १५ चा पान्हा, नाहीतर आतून अ‍ॅलन की. पान्ह्याची मूठ वर ठेवून मागच्या चाकाकडे ओढली की दोन्ही बाजू सुटतात. नवी लावताना आट्यांना ग्रीस लाव आणि पहिले काही फेरे बोटांनीच दे. बोटांनी जात नसेल तर पान्हा लावू नकोस, आटे वाकडे धरलेत. क्रँकचे आटे गेले तर पाच हजार त्यातच जातील.