मदत हवी आहे: इंदूरसाठी एक मोटर की दोन? रीजनचा (ब्रेक लावताना मोटर बनवते त्या विजेचा) हिशेब जमत नाहीये

रामबागकर:
मंडळी, ७५ युनिट बॅटरीची इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायचं चाललंय. रोजचं चालवणं राजवाडा, पलासिया, विजयनगर; म्हणजे सिग्नल आणि ई-रिक्षा. अधूनमधून सिमरोळवरून भेरूघाट उतरून ओंकारेश्वर. शोरूममध्ये सांगतात की दोन मोटरवाली घ्या, ब्रेक लावला की दोन्ही वीज बनवतात, दुप्पट परत मिळते. खरं का? घाटात नेमकं किती परत येतं? आणि घरून १०० टक्के चार्ज करून निघालं तर चालेल ना?

चुंबक:
दुप्पट वगैरे काही नाही. गाडीच्या वेगात जेवढी ऊर्जा आहे तेवढ्यातलीच परत मिळणार, मोटरी वाढवून ती वाढत नाही. दोन टनांची गाडी ताशी ६० वरून थांबते तेव्हा सगळी मिळून ०.०८ युनिटसुद्धा नसते. सिग्नलला नेहमीसारखा सावकाश ब्रेक लावलात तर सुरुवातीच्या क्षणी फार तर ५० किलोवॉट लागतात. या वर्गातल्या गाड्यांची एकच मोटर १५०च्या पुढे असते, त्यामुळे शहरात दुसरीला रीजनसाठी फारसं कामच नाही.

दुसरीचा उपयोग जोरात ब्रेक लावताना किंवा ओल्या रस्त्यावर. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. मोटर फक्त मागे असेल आणि रीजन कडक ठेवलं असेल तर पावसात मागचे टायर घसरू लागतात. मग स्थिरता यंत्रणा रीजन कापते आणि काम डिस्क ब्रेकवर जातं. दोन मोटरींत तोच भार पुढे-मागे वाटला जातो. अर्थात बॅटरी किती किलोवॉट घ्यायला तयार आहे, ही मर्यादा दोघींनाही आहे.

आता तोटा. चुंबकवाली मोटर बंद असली तरी चाकांबरोबर फिरताना ओढ लावते. म्हणून पुढे बहुधा इंडक्शन (कायमचे चुंबक नसलेली) मोटर देतात, किंवा क्लचने ती सोडवतात. हॅरियर ईव्हीत ७५ युनिटलाच कंपनीचा दावा एका मोटरला ६२७ किमी, दोनला ६२२. बीवायडी सीलमध्ये ८२.५६ युनिटला ६५० आणि ५८०. दोन्हींत पुढची मोटर इंडक्शनच! तेव्हा 'दोन मोटर म्हणजे इतके टक्के कमी' असा ठोकताळा लावू नका, त्या-त्या मॉडेलचे आकडे बघा. वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे एकमेकांशी जुळवू नका, एवढंच.

घाटवाला:
घाटाचं सांगतो. इंदूर साधारण ५५० मीटरवर, नर्मदाकाठ त्याहून साडेतीनशे मीटर खाली धरा. दोन टनांना ही उंची म्हणजे १.९ युनिट. त्यातलं टायर आणि हवा खाणार, मोटर-इन्व्हर्टर-बॅटरीत आणखी दहा-पंधरा टक्के जाणार. हाती एक-सव्वा युनिट, म्हणजे सात-आठ किलोमीटर. परतीला चढताना मात्र सपाटीपेक्षा दोन युनिटांहून जास्त मोजावे लागतात.

१०० टक्के करून निघू नका. सिमरोळपर्यंत २५ किमीत चारेक युनिट जातील, म्हणजे घाटाच्या तोंडाशी बॅटरी ९५ टक्के. तिथे बऱ्याच गाड्या रीजन कमी करतात, मग उतारभर डिस्क आणि पॅड तापत बसतात. ८५ वर निघा. काही गाड्या कमी पडलेलं रीजन स्वतःच डिस्कने भरून काढतात. पेडलला फरक कळत नाही, पॅडला कळतो.

रामबागकर:
मग एकच मोटर. टेस्ट ड्राइव्हला काय बघू?

चुंबक:
आधी बॅटरी किती टक्के आहे ते विचारा. ९५च्या पुढे असेल तर रीजनची परीक्षा व्यर्थ. बायपासवर ताशी ८० वरून अ‍ॅक्सिलरेटरचा पाय सोडा आणि पॉवर मीटरची चार्जची बाजू बघा. मग ब्रेक पेडल हलकं दाबा. चार्जिंग वाढलं तर पेडलही आधी रीजनच वापरतं; तसं असेल तर वन-पेडलचा (नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी थांबवण्याचा) हट्ट नको. घेतल्यावर पावसाळ्यात अधूनमधून रिकाम्या रस्त्यावर रीजन शून्यावर ठेवून चार-पाच दणकट ब्रेक मारा, नाहीतर न वापरलेल्या डिस्क गंजून करकरतात.